जायचं तिकडं पाठ

पुणतांब्याला गोदावरी पार करून देणारे नावाडीकाका बोलण्याआधी टोपी सारखी करायचे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही सरकारी सागरी महाविद्यालयात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथे होड्यांच्या शर्यतीचा संघ निवडणार होते, म्हणून सरावासाठी मी काकांची होडी मागितली. शर्यतीत जायच्या दिशेला पाठ करून वल्ही मारतात; मी होडीत तसाच बसलेला पाहून त्यांनी टोपी सारखी केली.

"जायचं तिकडं पाठ? सासरवाडीला असाच जाशील व्हय?"

पण दुसऱ्या दिवशी तेच माझ्यासमोर बसून वाट सांगू लागले.

"डावं मार! म्हस हाय पुढं!"

पैलतीरावरून कुणीतरी हाक मारली, "काका, न्यायला येता का?"

काका तिकडे न बघताच ओरडले, "दम धर की! आमाला संघात जायचंय!"