लिमयेबाईंची तारीख

गुन्हा शाबित झाला की न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?" यावर आम्हा वकिलांचं एक पाठ वाक्य असायचं. आरोपी गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, दया व्हावी. लिमयेबाई मात्र उभ्या राहून एवढंच म्हणत, "तारीख द्यावी." न्यायाधीश कपाळाला हात लावत.

मी त्यांचा ज्युनियर. ते वाक्य म्हणायला काय हरकत आहे, असं मी एकदा विचारलं. "कुलकर्णी, वकिली करताय की आरती म्हणताय?" बाई म्हणाल्या. "अहो, शिक्षा माणसाला देतात. मग तो माणूस कोण ते नको का सांगायला?"

मिळालेल्या तारखेपर्यंत बाई आरोपीचं घरदार पालथं घालत. माझ्या बरोबरीचे वकील आयटी कंपन्यांच्या एसीत बसून करार तपासत होते आणि मी नारायण पेठेतल्या ऑफिसातून बाईंच्या स्कूटरवर मागे बसून वस्त्या हिंडत होतो. कुणीही भेटलं की बाईंचा प्रश्न ठरलेला, "पहिल्यापासून सांगा." लोक खरंच पहिल्यापासून सांगत. मला भूक लागलेली असे.

गणेशचा खटला तेव्हाचाच. हडपसरला एका आयटी कंपनीच्या गेटवर तो वॉचमन होता. कानात कुणीतरी सारखं बोलतं, ते सुपरवायझरचंच काम, असं डोक्यात बसलं आणि त्याने काठी घातली. सुपरवायझर वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. आता प्रश्न शिक्षेचा होता. बाई तारीख घेऊन थेट यवतमाळकडे, गणेशच्या गावी. त्याला डॉक्टर कधी दाखवलाच नव्हता, सगळं ठाऊक होतं ते एकट्या आईला. वीटभट्टीवर गेलेलं लहानपण, मग ते आवाज, मग देवळाच्या आवारात साखळीने बांधून ठेवणं. आईने बाईंना रडत रडत सगळं सांगितलं. कोर्टात सांगायलाही ती तयार झाली.

आणि कोर्टात हात जोडून म्हणाली, "माह्या पोराले काही झालं नाई जी. शायना हाय तो."

बाईंनी तीनतीनदा विचारलं. उत्तर तेच. गणेशला दहा वर्षं झाली.

बाहेर आल्यावर बाई कडाडल्या, "आजी, ही दहा वर्षं तुम्ही दिलीत पोराला!"

"पोरीचं लगन जुळून रायलं जी," म्हातारी म्हणाली. "घरात येडा हाय म्हनलं, तं तिले कोन करन?"

बाईंनी स्कूटर काढली. परतताना त्या सिग्नल, रिक्षावाले, मी, सगळ्यांवर डाफरल्या. "मी आपली त्या मुलाचीच चौकशी करत बसले. घरात मुलगी आहे, हे दिसत असून दिसलं नाही मला!"

अपील दाखल झालं. सुनावणी लवकर लागत होती, तर बाईंनी पुढची तारीख मागितली. कशासाठी? तर पोरीचं लग्न होऊ दे. माझा संताप झाला. "बाई, तो आत औषधाविना सडतोय!"

"माहितीय मला," त्या माझ्यावर खेकसल्या. "पण आई बोलल्याशिवाय अपिलात सांगणार काय? तुमची आरती?" नंतर त्या तुरुंगात गेल्या आणि गणेशला डॉक्टर दाखवा म्हणून भांडून आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा भांडल्या. बाईंचा असा राग यायचा की त्यांच्याकडची नोकरी सोडावी. सोडली नाही, कारण त्यांच्यासारखं चिडणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

त्या तारखेच्या आत बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका, कोर्टाच्याच जिन्यात.

मग एका सकाळी गणेशची आई ऑफिसात आली. फडक्यात लग्नाच्या बुंदीचे लाडू आणि बाईंसाठी साडी. भिंतीवर हार घातलेला बाईंचा फोटो तिला दिसला. मग साडी फोटोखाली ठेवून समोर बसली.

"पोरगी नांदाले गेली जी. आता सारं सांगतो. कुठून सांगू?"

मी पेन उघडलं. भूक लागली होती.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो.