नाव न घेता सांगितलेली गोष्ट

श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आयरिश आजी पुढच्या आठवड्यात मुलाकडे दूर चँडलर शहरात कायमच्या राहायला जाणार होत्या. गावातले काही स्वयंसेवक आयर्लंडकडच्या केल्टिक पुराणकथा आणि घराघरांतल्या जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून लायब्ररीत ठेवतात. आजींच्या घराण्यातली गोष्ट त्यांना हवी होती. आजींखेरीज ती कुणालाच ठाऊक नव्हती. आजींनी आम्हालाही बोलावलं, म्हणून मी आईला घेऊन गेलो.

स्वयंपाकघरात सामान भरलेली खोकी होती. मायक्रोफोन साखरेच्या डब्याला टेकवला होता. आजींनी सुरुवात केली. आयर्लंडमध्ये त्यांच्या वडिलांनी घर बांधलं, ते नेमकं ‘भल्या मंडळीं’च्या वाटेवर. रात्री भिंतीला धक्के बसत.

“भली मंडळी म्हणजे पऱ्याच ना?” रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका. “तेवढा शब्द एकदा म्हणा. पुढे ऐकणाऱ्याला कळायला हवं.”

आजींनी नकारार्थी मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं.

“माझ्याच घरात बसून त्यांना हाका मारायला लावताय?” आजी म्हणाल्या आणि चहाचे कप आवरू लागल्या.

आईला इंग्रजी कळत नाही. तिनं मला ढोसलं. “काय झालं रे? भांडल्या का?”

मी सांगितलं.

“मग बरोबरच आहे त्यांचं. तिन्हीसांजेला आपण सापाला साप म्हणतो का? लांबडं म्हणतो.”

“काय म्हणतेय ती?” आजींनी विचारलं. मी भाषांतर केलं. लांबड्याला इंग्रजीत ‘ते लांब असलेलं’ यापलीकडे काही सुचलं नाही.

“आणि मग तो येत नाही?” आजी म्हणाल्या.

“येतो की,” आई म्हणाली. “पण आपण बोलावलेला नसतो.”

हे ऐकून आजी मोठ्यानं हसल्या. कप तसेच ठेवून खुर्चीत बसल्या. बाईंनीही शब्दाचा आग्रह सोडला.

आजी पुढे सांगू लागल्या. तिकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्या वडिलांना घराचा कोपरा कापायला सांगितलं होतं. वडिलांनी कोपऱ्यातले दगड काढून भिंत तिरकी बांधली. जाणाऱ्यांना वाट मिळाली, धक्के थांबले.

गोष्ट संपली; मी ती आईला मराठीत सांगत होतोच. बाईंनी मशीन बंद करायला हात पुढे केला.

“अरे, विचार त्यांना,” आई म्हणाली, “त्या तिरक्या भिंतीच्या खोलीत झोपायचं कोण?”

“मी,” आजी म्हणाल्या. “त्या भिंतीकडे पाय करायचे नाहीत, अशी ताकीद होती. एकदा मी केले.”

बाईंनी हात मागे घेतला.