कप्तानाचे टन

ऐंशीच्या दशकात मी लंडनमधल्या ईलिंगच्या एका लायब्ररीत कामाला होते. एका गुरुवारी दुपारी आमच्या मॅनेजरबाईंनी एका म्हाताऱ्या जर्मन कप्तानाचं भाषण ठेवलं. महायुद्धात तो पाणबुडी चालवायचा. पकडला गेला, कैदी म्हणून इंग्लंडात आला आणि सुटल्यावर इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करून राहिला. आता गुलाब लावायचा. इंग्रजांना हरलेला शत्रू फार आवडतो, फक्त त्याचा कोट इस्त्रीचा हवा.

मी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोबत नेलं. ते दापोलीकडचे. युद्धात इंग्रजांच्या मालवाहू जहाजावर बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचे. ते जहाज अशाच एका पाणबुडीनं बुडवलं आणि मामंजी अकरा दिवस लाइफबोटीत होते. त्यांना कुणी कधी भाषणाला बोलावलं नव्हतं. मीही सुचवलं नव्हतं.

कप्तानानं पाणबुडी पाच मिनिटांत उरकली आणि कैदेवर अर्धा तास स्लाइड्स दाखवत बोलला. लापशी पातळ असायची. फुटबॉल एकच होता, तोही फाटका. पुढच्या रांगेतल्या आज्या डोळे टिपायला लागल्या.

प्रश्नांच्या वेळी मामंजींनी हात वर केला. "सूनबाई, विचार त्यांना, माणसं किती बुडवली?"

मी विचारलं.

"आम्ही माणसं मोजत नसू, मॅडम," कप्तान अदबीनं म्हणाला. "बुडवलेल्या जहाजांचे टन मोजायचो. माझे सत्तर हजार झाले."

मामंजी मला म्हणाले, "कुणाच्या तरी टनांत मीही असेन. माझे पन्नास किलो वजा करा म्हणावं. जहाज गेलं, मी बुडालो नाही."

मी शब्दन् शब्द सांगितला. मॅनेजरबाईंनी घाईघाईनं चहा जाहीर केला.

कप्तान कप घेऊन आमच्याकडे आला. "मी माझं कर्तव्य करत होतो."

"मीपण," मामंजी आता थेट त्याच्याशी इंग्रजीत बोलले. "कोळसा टाकत होतो."

त्याचे कान लाल झाले. "लाइफबोटीत किती जण होतात?"

"निघालो एकोणीस. किनाऱ्याला लागलो सात."

कप्तानानं बिस्किटांची बशी पुढे केली. मामंजींनी दोन घेतली.

आठवड्याभरानं मी मॅनेजरबाईंना म्हटलं, मामंजींचंही भाषण ठेवू या.

"लव्हली आयडिया!" त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे स्लाइड्स आहेत का?"