खाट विकणे आहे

सासूबाई गेल्या आणि त्यांची खाट पुढच्या खोलीत राहिली. दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट. दोन्ही बाजूंना कठडे, पायथ्याशी हँडल. हँडल फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. त्यांचं एक अंग लुळं पडलं तेव्हा ह्यांनी ती आणली होती. आमचं घर दोन खोल्यांचं. मागे स्वयंपाक, पुढे बाकी सगळं. खाट अशी बसली होती की दार पूर्ण उघडत नसे. पाहुणा आला की तिरपा होऊन आत यायचा.

त्या गेल्यावर खाटेवर कोणी झोपलं नाही. झोपू नका असं कोणी कोणाला सांगितलंही नाही. मी तिच्यावर धुतलेले कपडे टाकायची, घड्या करायची, उचलून घ्यायची. कूलरचा स्टँड, गव्हाची कोठी, सगळं तिच्या खाली सरकवलेलं.

मग मुलीला दिवस गेले. ती मौद्याला दिलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. सातव्या महिन्यात तिची सासू आमच्याकडे आली. तिरपी होऊन आत शिरली, खाटेकडे पाहिलं आणि चहा संपेपर्यंत त्याबद्दल काही बोलली नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "ते खाट अजून घरातच हाय काय, विहीणबाई? पोरगी लेकराले घेऊन तिच्या बाजूले झोपन काय? जागा नसन तर राहू द्या. आमी करतो तिकडंच."

मला अशा वेळी बोलताच येत नाही. ती गेल्यावर कप धुताना सगळी उत्तरं सुचली. पण एक कळलं होतं. खाट गेली नाही तर मुलगी येणार नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मोबाईलवर टाकून दे. आता सगळे तिथंच विकून राहिले." त्यांनीच खातं उघडून दिलं, त्यांच्याच नावाचं. पण ते पहाटेच कळमेश्वरला कंपनीत जातात आणि अंधार पडल्यावर येतात. जुना मोबाईल घरी माझ्याजवळ. म्हणजे विकायचं मलाच.

मी खाट पुसली, कपडे उचलले, वर धुतलेली चादर अंथरली, दारातून फोटो काढला आणि टाकला. लिहिलं, खाट विकणे आहे, चांगली आहे.

त्याच दिवसापासून मोबाईल टणटण वाजायला लागला. मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, हिंदीही वाचते. पण लोक हिंदी इंग्रजी अक्षरांत लिहितात, ते मला एकेक अक्षर जुळवून वाचावं लागतं. एक शब्द जुळेपर्यंत वरून दुसरा निरोप येऊन पडतो. 'भैया है क्या.' 'भैया लास्ट कितना.' 'भाऊ फायनल बोला.' खातं ह्यांच्या नावाचं, म्हणून मी सगळ्यांची भैया झाले. मला ते बरंच वाटलं. भैया होऊन मी दोन-तीन शब्दांत उत्तर देत होते. 'आहे.' 'कमी नाही होणार.' 'या बघायला.' तोंडाने कधी इतकं स्पष्ट बोलले नसते.

पण येत कोणी नव्हतं. 'आज शाम को पक्का' म्हणणारे शाम को गायब. त्यांच्यासाठी मी घर झाडून, दारात पाणी शिंपडून बसायची. भाजीला गेले नाही, दळण राहिलं. एकाने दत्तवाडीहून निघालो म्हणून कळवलं आणि तो अजून निघालेलाच आहे. एक म्हणाला, खाटेच्या बदल्यात जुनी सायकल घ्या. एकाने विचारलं, गादी फुकट आहे ना, आणि चादर?

आणि फोन करणारे सगळे फिरून एकच विचारायचे.

"इसपे कोई गुजर गया क्या, भाभी?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी घाबरून फोनच ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा 'रॉंग नंबर' म्हणाले. माझ्याच खाटेसाठी आलेला फोन रॉंग नंबर. नंतर दोन तास माझं कामात लक्ष लागलं नाही. खाट तर नव्यासारखी दिसते, मग लोकांना कसं कळतं? मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, थांब, मी पाहते. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. ती इतकी हसत होती की मला भीती वाटली, पोटावर ताण यायचा.

"आई, काय केलं वं तू हे?"

"काहून? काय झालं?"

"अवं, फोटोत आजी हाय! खाटेच्या बरोबर वर. हार घालून, लाइट लावून. लोकाईले वाटन, हिच्यासोबत हे बी मिळते."

मी फोटो उघडून पाहिला. खरंच. खाटेच्या वर भिंतीवर सासूबाई, प्लास्टिकच्या हारात, बाजूला लाल दिवा. मी रोज त्या भिंतीला हात जोडते, म्हणून मला ते दिसलंच नव्हतं. खोलीत पंखा असतो तशा त्या असतात.

फोटो भिंतीवरून काढायला ह्यांनी साफ नकार दिला. "माय हाय ते माही. खाट विकाची म्हणून मायले उतरवू काय?" रविवारी आम्ही दोघांनी कोठी बाहेर काढून खाट समोरच्या भिंतीकडे ओढली. नवीन फोटोत खाटेच्या वर कॅलेंडर आलं. विचारणारे जरा कमी झाले, पण थांबले नाहीत. दवाखान्याची खाट म्हटलं की लोकांच्या मनात तेच येतं. माझ्या मनातही तेच होतं, नाहीतर मी तिच्यावर बसले नसते का कधी.

मग मी खरं ते सांगायला लागले. वारल्या, पण खाटेवर नाही. आमच्यात माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत, खाली घेतात. शेवटी श्वास बदलला तेव्हा ह्यांनी पायाकडून धरलं, मी डोक्याकडून, आणि आम्ही त्यांना घोंगडीवर खाली घेतलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडात पाणी घातलं ते त्यांनी गिळलं. म्हणजे खाली आल्या तेव्हा होत्या. हे मला कोणी विचारेपर्यंत मी कधी मनात आणलंही नव्हतं. आता अनोळखी माणसांना फोनवर सांगत होते. एकजण सगळं ऐकून म्हणाला, "खाली घेतलं म्हणता, पण जीव वरच गेला असन तर? कोणी पाह्यलं?"

मी पाहिलं होतं. पण त्याला ते सांगावंसं वाटलं नाही. फोन ठेवून मी तांदूळ निवडत बसले.

मुलीला आणायचा दिवस ठरला. चांगला दिवस पाहून तिच्या सासूनेच ठरवला आणि निरोप पाठवला, खोली मोकळी झाली असन तरच या न्यायले. हे म्हणाले, "झाली म्हणून सांगतो." मी म्हटलं, "झाली कुठे?" ते म्हणाले, "होईन."

त्याच आठवड्यात कामठीहून एका बाईचा फोन आला. तिने भैया म्हटलं नाही, लास्ट विचारलं नाही.

"काकू, कठडे मजबूत हायेत ना? आमचा म्हातारा हाताले लागन ते धरून उठाले पाह्यते."

"मजबूत आहेत."

"अन् हँडल?"

"थोडं कडक आहे. तेल घालावं लागतं."

ती आणखी काही विचारत राहिली. तो प्रश्न मात्र येईना. मीच वाट पाहत होते. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "माझ्या सासूबाई वारल्या. पण यावर नाही."

पलीकडे यंत्रमागाचा आवाज येत होता, खटखट खटखट. मग ती म्हणाली, "खाली घेतलं होतं ना?"

"हो. मीच घेतलं."

"मंग झालं. सासरा हट्टी हाय, काकू. पाय गेले पण तोंड नाही गेलं. मेलेल्याची खाट आणली तर भुईवर झोपीन म्हणते. त्याले मले खरं सांगता आलं पाह्यजे." आणि वर, "देजा मले. दुसऱ्याले नका देऊ."

मी देते म्हणाले.

मुलीला आणायच्या दिवशी हे सकाळीच मौद्याला गेले. कामठीची बाई सकाळी येणार होती. ती येईना. फोन लागेना. दहा झाले असतील तेव्हा गल्लीत भंगारवाला आला आणि दारातून खाट पाहून म्हणाला, आत्ता उचलतो, किलोच्या भावाने घेतो. लोखंडाची खाट डोळ्यांसमोर किलोने निघाली असती आणि खोली मोकळी झाली असती. मी दाराला धरून उभी राहिले. हो म्हणावं असं फार वाटलं. त्याला म्हटलं, "दिली आहे." तो म्हणाला, "मग इथं काय करते?" आणि हसत पुढे गेला.

बाई आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. छोट्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसून, मागे तिचा भाऊ. उतरल्या उतरल्या म्हणाली, "म्हाताऱ्यानं सकाळपासून छळलं, काकू. चहा नको, पाणी नको. उचला पटकन." दिसायला बारीक, केसांना सुताचे धागे लागलेले. सासूबाईंच्या फोटोपुढे मात्र ती थांबली, नमस्कार केला, मग खाटेला हात लावला.

ड्रायव्हर आणि भाऊ खाट उचलून दाराशी गेले. कठडा चौकटीत अडकला. अर्धी खाट घरात, अर्धी ओट्यावर. ते तिरपी करत होते आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. हे उतरले आणि मागून मुलगी, दोन्ही हात कमरेवर, चेहरा लाल.

जी खाट तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी इतके दिवस धडपडत होते, ती दारात आडवी पडून तिची वाट अडवत होती. मी आत, मुलगी बाहेर.

कामठीची बाईच ओरडली, "अरे, मांगं घ्या! मांगं घ्या खाट! भरल्या पोटाची पोरगी उनात उभी हाय, दिसत नाही काय? आधी ते आत येईन, मंग खाट जाईन."

"अवं ताई, निघतच हाय," तिचा भाऊ म्हणाला.

"निघतच हाय म्हणे. तुही बायको असती तर?"

खाट पुन्हा आत आली, जिथे होती तिथेच टेकली. मी भाकरीचा तुकडा मुलीवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ती आत आली आणि खोलीत बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून सरळ खाटेवर बसली. बसली तशी आडवी झाली. माझ्या तोंडून 'नको' निघता निघता राहिलं. तिच्या पावलांना इतकी सूज होती की चपलेचे पट्टे उमटले होते.

"आता दाखवा काकू, हँडल कसं फिरवाचं," बाई म्हणाली.

मी पायथ्याशी बसले. हाताने आपोआप केलं. आधी थोडं मागे, मग पुढे, मध्ये अडतं तिथे सावकाश. मुलीचं डोकं, खांदे हळूहळू वर आले. मग मी बोलायला लागले आणि मलाच थांबता येईना. किती वर करायचं, जेवताना किती. कुशीवर वळवताना गुडघा आधी वाकवायचा. पाठीला तेल नाही, पावडर. चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही, त्यानेच जखम होते. बाई मान हलवत होती, मध्येच विचारत होती. हे दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

मुलगी डोळे मिटून म्हणाली, "आई, मले किती दिवसांनी बरं वाटून राहिलं. पाठ दुखत नाही आता. हे विकू नको ना वं."

कामठीच्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पदराला पीळ देत होती. ती म्हणाली असती की राहू द्या काकू, तर मी काय केलं असतं, माहीत नाही. पण ती तसं म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं तरी कशाला. तिच्या घरी म्हातारा चहा न घेता बसला होता.

"दिली आहे," मी मुलीला म्हणाले.

"मंग मी इथं कशावर झोपू?"

"बघू. ऊठ."

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्या बाईने तिला धरलं आणि उभं केलं. बाई तिला म्हणाली, "सुखानं मोकळी हो, माय." खाट या वेळी चौकटीत अडकली नाही. गाडीत चढवून दोर बांधला आणि ती गेली. बाईने दिलेल्या नोटा मी तशाच कनवटीला लावल्या.

खोली एवढी मोठी दिसली की आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो, मध्ये कोणीच नाही. मी जुनी गादी उलगडली. कापसाच्या गाठी झाल्या होत्या, त्या हाताने सारख्या केल्या, दोन उशा भिंतीला लावल्या. मुलगी टेकून बसली, इकडे सरकली, तिकडे सरकली. मग मोबाईल काढला.

"आई, हे पाह्य. दिवाण. जुना हाय पण चांगला दिसते. इथंच हाय, नंदनवन कॉलनीत. विचारू काय, हाय काय म्हणून?"

"उद्या," मी म्हणाले. "आज मले कोणाशीच बोलाचं नाही."