मंजूर पदं तीन

पत्नीला जाऊन महिना झाला, तेव्हा मी तिच्या पोस्टात गेलो. तिचा जेवणाचा डबा, जादाच्या चपला आणि छत्री तिथेच राहिली होती. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतलं हे पोस्ट अगदी लहान; बॅचलर लोकांना भाड्याने खोल्या देणाऱ्या एका जुन्या मॅन्शनच्या तळमजल्यावर, दोन खिडक्यांचं. ती तिथली पोस्टमास्तर होती. मंजूर पदं तीन. त्यांतल्या एक बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग ही गेली. उरली एकटी क्लार्क, तिशीतली, सतत घाईत असलेली.

मी पोचलो तेव्हा ती एका हाताने रजिस्टर पत्रावर बारकोड चिकटवत होती आणि मान वळवून दुसऱ्या खिडकीतल्या आजीबाईंना तमिळमध्ये सांगत होती, "पाट्टी, अंगठा परत लावा. दाबू नका, नुसता ठेवा."

मला पाहून ती उठली. "बसा सार. कॉफी मागवते."

"राहू दे. रांग आहे."

"रांग रोजचीच आहे. तुम्ही रोज कुठे येता?"

डबा पिशवीत घालून देताना तिने सांगितलं. मॅडमची जागा भरणार नव्हते. निवृत्त बाईंची रिकामी जागाही रद्द करणार होते. या पोस्टाला एक माणूस पुरतो, असा प्रस्ताव वरच्या कार्यालयात तयार झाला होता.

"पुरतो हे कशावरून ठरवलं?"

"काम शिल्लक राहत नाही ना सार, त्यावरून."

हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण ते माझ्या घरातच घडत आलं होतं. माझी बायको इथलीच, तंजावरहून आलेल्या मराठी घरातली. मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलो, एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि इथलाच होऊन गेलो. संध्याकाळी मी घरी येऊन दिवा लावायचो, ती अजून पोस्टात असायची. खिडकी बंद व्हायची वेळ झाली की ती शटर अर्धं ओढायची आणि आत बसून उरलेलं सगळं संपवायची. उद्याच्या खिडकीत कालचा माणूस उभा राहता कामा नये, असं म्हणायची. मग दिवसाचा अहवाल वर जायचा. शिल्लक काम: निरंक. माणसं कमी होत गेली, अहवाल मात्र बदलला नाही. तिला त्याचा अभिमान होता. तिच्या हाताखाली ही मुलगी तेच शिकली.

बायकोचं हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टरांनी कामाशी त्याचा संबंध लावला नाही, मीही लावत नाही. पण तिच्या निरंकचा आधार घेऊन तिचीच जागा पुसून टाकायची, हे मला मान्य नव्हतं. माझा आवाज सहसा चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"उद्या वेळ झाली की शटर पूर्ण ओढ," मी तिला म्हणालो. "उरेल ते उरलं म्हणून कळव."

"मॅडमच्या पोस्टात शिल्लक?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून आलो होतो. "आणि तुम्हाला बोलायला काय, सार. फोन मला येणार."

"मी येऊन बसतो."

"बसून काय करणार? तुमचं तमिळ ऐकून साहेब फोन ठेवतील." मग म्हणाली, "तसं असेल तर याच."

दुसऱ्या दिवशी वेळ झाली तेव्हा रांग होतीच. तिने मशीन बंद केलं. पुढच्या पेन्शनर आजोबांनी विचारलं, "काय अम्मा, आज सिनेमाला निघालीस?"

"हो ताता. येताय?"

"तिकीट तू काढणार असशील तर."

मग तिने त्यांना खरं काय ते सांगितलं. आजोबांनी पासबुक खिशात ठेवलं. "मला शिल्लक म्हणून लिही," ते म्हणाले. "नीट दिसेल असं लिही." सगळेच त्यांच्यासारखे नव्हते. मॅन्शनमधला एक तरुण सरकारी नोकरांना शिव्या देत पायऱ्या उतरला. त्याचंही खोटं नव्हतं. क्लार्कने उरलेली पाकिटं मोजली. तिने आकडा लिहिला आणि अहवाल पाठवला.

फोन सकाळीच आला. साहेबांचा आवाज मला बाकावर ऐकू येत होता. "मॅडम होत्या तेव्हा असं कधी झालं नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो सार. मॅडम तीन माणसांचं काम करत होत्या. मी एकीचं करते."

"आज थांबून सगळं संपवा."

"लेखी कळवा सार. किती वाजेपर्यंत थांबायचं, तेही लिहा."

लेखी काही आलं नाही. तीही थांबली नाही. त्यानंतर रोज शिल्लक कळवली गेली आणि रोज थोडी वाढली.

बायकोला हे आवडलं नसतं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी मीठ कमी पडल्याच्या निमित्ताने भांडली असती. मीही भांडलो असतो. तिच्या हयातीत भांडलो नाही, कारण तिचा तो नीटनेटकेपणा मला फार आवडायचा. अजूनही आवडतो. पण त्याच्या जोरावर तिघींचं काम एकीच्या गळ्यात घालायचा हक्क कुणाला मिळत नाही, तिलाही नाही.

पुढे प्रस्ताव तूर्त थांबवला गेला आणि दुसऱ्या ऑफिसातून एक गृहस्थ तात्पुरते पाठवले गेले. कायमचं कुणी येईल की नाही, कुणी सांगत नाही. मी विचारत राहणार आहे.

परवा एक पत्र रजिस्टर करायला गेलो. ते गृहस्थ बायकोच्या जागेवर बसले होते. पत्ता दोनदा वाचत होते, पावती उजेडाकडे धरून बघत होते. माझ्या पुढची बाई पुटपुटली, "आधीच्या मॅडम चुटकीसरशी करून टाकायच्या."

"सावकाश करू द्या त्यांना," मी म्हणालो.

खिडकी बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा माझ्या पुढे अजून दोघं होते. मी पाकीट घेऊन घरी आलो.