खोल्यांकडे जायचं कुठून?

आमच्या आशागडच्या वाडीत राहायला म्हणून निघालेले पहिले पाहुणे वाणगावला माझ्या आत्याकडे दोन दिवस राहून गेले. आत्याकडे राहायला खोल्या मिळत नाहीत. आत्याकडे लोणची मिळतात. तरीही हे घडलं, आणि माझ्यामुळे घडलं, कारण खोल्यांची वेबसाइट मी तयार केली होती.

खोल्या नीलिमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या. वाडी सगळ्या कुटुंबाची, पण वाडीच्या टोकाला असलेलं जुनं पंपघर तिने मागून घेतलं, लिंपून-रंगवून त्याच्या दोन टुमदार खोल्या केल्या. पडदे स्वतः शिवले. बाहेर चिकूच्या झाडांखाली दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. "सकाळी पाहुणे इथे बसतील, चहा घेतील आणि अर्धा तास एक अक्षर बोलणार नाहीत," ती म्हणायची. (न बोलणारी माणसं आमच्या घराण्यात जन्मालाच येत नाहीत, त्यामुळे ती बाहेरून आणणं भाग होतं!)

नानाकाकांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, परवानगी दिली ती एका अटीवर. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघ, सूनबाई. तोवर कोणी फिरकलं नाही, तर तिथे चिकूची खोकी ठेवू. खोकी बिचारी पडवीत भिजतात." नानाकाकांचा खोक्यांवर पोटच्या पोरांसारखा जीव आहे.

"वेबसाइट मी करतो," मी म्हणालो. मी तलासरीला सरकारी कचेरीत कारकून आहे. कचेरीत कॉम्प्युटर आहे, आणि मी त्याच्या समोर बसतो. एवढ्या भांडवलावर मी मोबाइलवरचे चार व्हिडिओ पाहिले आणि कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला वेबसाइटपेक्षा त्यात काय लिहायचं याचीच ओढ जास्त होती. रविवारी दुपारी वाडीत बाज टाकून पडावं, पानांतून ऊन झिरपत राहावं, डहाणूच्या किनाऱ्याकडून येणारा वारा दमून-भागून आपल्यापर्यंत पोचावा, आणि आपण अर्धवट झोपेत एकेक वाक्य जुळवत जावं... अशा गुंगीत मी आठ लेख लिहिले. 'वारा', 'दुपार', 'पिकत चाललेला चिकू' वगैरे. खोल्यांचं पान दहा मिनिटांत लिहून टाकलं. दोन खोल्या आहेत, पंखा आहे, फोन नंबर हा.

आता एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला दारं ठेवावी लागतात. त्यांना लिंक म्हणतात. इथे आमच्या घराण्याची रीत आडवी आली. आमच्याकडे कार्य असलं की पहिल्या पंगतीला पाहुणे, दुसरीला सोयरे, मग वाडीवर काम करणारी माणसं, आणि घरचे अगदी शेवटी. घरच्या माणसाने आधी पाट धरला, तर त्याची आठवण पुढच्या दोन पिढ्या काढतात. मी वेबसाइटही त्याच रीतीने बांधायला घेतली: मानाचे म्हणजे काका-आत्या, घरचे म्हणजे मी आणि नीलिमा.

आधी नानाकाका. त्यांना स्वतंत्र पान हवं होतं, रायणीच्या रोपावर चिकूचं कलम कसं बांधतात याचं, फेट्यातल्या फोटोसकट. "आणि शरद, प्रत्येक पानावरून माझ्या पानाकडे वाट ठेव हां. मोठा माणूस आहे मी घरातला." ठेवली. मग वाणगावच्या आत्याचा फोन. "नानाला प्रत्येक पानावर, आणि मला एका कोपऱ्यात? मी काय या घरातली नाही?" तिच्या लोणच्यांच्या पानालाही सगळीकडून वाट ठेवली, पत्त्यासकट. मग धाकटे काका, त्यांची विहीर. मग चुलतभाऊ, त्याची म्हैस. (म्हशीचं पान अजूनही साइटवरचं सर्वांत मुद्देसूद पान आहे.) पहिल्या पानावर एवढ्या लिंका झाल्या, की ते लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं. आणि त्या प्रत्येकीवर मी तेच शब्द घातले होते, 'इथे क्लिक करा'. कोणाला जास्त, कोणाला कमी नको!

खोल्यांच्या पानाला कुठून वाट ठेवावी, हा विचार मी केला. अगदी नाही असं नाही. पण मनात म्हटलं, ते तर घरचंच आहे. सगळ्यांचं झालं की शेवटी बघू.

आणि शेवटी मला झोप लागली.

वेबसाइट सुरू झाली. नीलिमा रोज सकाळी खोल्या झाडायची, काचेच्या पेल्यात ताजी जास्वंद ठेवायची, संध्याकाळी मिटलेलं फूल काढून टाकायची. मी खिडकीतून बघायचो आणि वाटायचं, काय सुरेख चाललंय! यावर एक लेख लिहायला हवा. लिहिलाही.

"अहो, आपलं पान लोकांना दिसतंय ना?" ती अधूनमधून विचारायची.

"दिसतंय की! हे बघ," असं म्हणून मी मोबाइलवर खोल्यांचं पान काढून दाखवायचो. मला ते दिसायचंच. मी त्याचा पत्ता जपून ठेवला होता. तो पत्ता जगात माझ्याशिवाय कोणाकडेच नाही, हे काही मला सुचलं नाही.

दरम्यान नानाकाकांचा फोन वाजायला लागला. कलमांसाठी उंबरगावपासून लोक फोन करत होते. "हा भाई, कलम छे! आवो, आवो!" नानाकाका अंगणात येरझाऱ्या घालत गुजरातीत ओरडायचे. आत्याचं लिंबाचं लोणचं संपलं. म्हशीचीसुद्धा चौकशी आली! नीलिमाचा फोन मात्र दिवसभर खिडकीत गप्प पडून असायचा. ती मधूनच तो उचलून बघायची आणि परत ठेवायची.

"वेबसाइट झकास चाललीय रे," नानाकाका म्हणाले. "पण लोकांना इथे राहण्यात रस दिसत नाही. मी खोकी मोजून ठेवलीत."

मी घाबरलो आणि साइट सजवायला घेतली. पानांची नावं जरा रुक्ष वाटत होती, म्हणून 'वारा' चं 'दमलेला वारा' केलं, 'विहीर' चं 'आभाळ साठवणारी विहीर'. नावं बदलली, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा तशाच राहिल्या. त्या वाटेने जाणाऱ्याला 'हे पान सापडत नाही' असं उत्तर मिळायला लागलं. शिवाय लेखात जो शब्द मला हळवा वाटला, त्याच्यावर मी लिंक लावली. 'वारा' वरून 'दुपार', 'दुपार' वरून 'चिकू', 'चिकू' वरून पुन्हा 'वारा'. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

सप्टेंबर संपता संपता एका दुपारी आत्याचा फोन आला.

"शरद, तू आणि नीलिमा ताबडतोब वाणगावला या. नाशिकची माणसं निघालीत आणि पैसे देतायत मला!"

आत्याच्या नातीच्या लग्नाची बोलणी नाशिककडे चालली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मुलाकडच्यांनी आत्याला पैसे का द्यावेत? आम्ही स्कूटर काढली.

आत्याच्या ओटीवर एक पन्नाशीच्या बाई आणि त्यांचे यजमान पिशव्या भरून उभे होते. बाईंच्या हातात पाकीट. आत्या दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकलेली.

"अहो, दोन दिवस राहिलो, जेवलो, पुरणपोळ्या काय, आंबोळ्या काय! पैसे घ्यायलाच हवेत," बाई म्हणत होत्या.

"नातं जुळायच्या आधीच पैशांची भाषा?" आत्या कळवळली. "आमची पोरगी पसंत नाही, तर तसं सांगा ना!"

"कोणती पोरगी?"

"मग मुलगा काय करतो विचारलं, तेव्हा इंजिनीअर आहे म्हणालात ते?"

"आहेच इंजिनीअर. त्याला दोन मुलं आहेत!"

पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. (आमच्या घराण्यात हे प्रथमच घडलं.) मग उलगडा झाला. या देशमुखबाई आणि त्यांचे यजमान वाडीतल्या खोल्या शोधत आमच्या वेबसाइटवर आले होते. 'इथे क्लिक करा' वर क्लिक करत करत ज्या पानावर पत्ता मिळाला, ते आत्याचं पान निघालं. हेच ते ठिकाण समजून ते थेट दारात उभे राहिले. आत्याने नाशिकची गाडी बघितली आणि पुरण शिजत घातलं.

"म्हणजे खोल्या इथे नाहीतच?" देशमुखबाईंनी विचारलं आणि एकदम खळखळून हसल्या. "तरीच! मी हेच काम करते हो. लोकांच्या वेबसाइट नेटवर वर याव्यात म्हणून त्यांच्या चुका शोधते. तुमची साइट मला रात्रभर सोडेना. खोल्या आहेत असं पहिल्या ओळीत लिहिलंय आणि खोल्याच सापडत नाहीत! शेवटी यांना म्हटलं, चला, प्रत्यक्षच बघून येऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच केलीय ना? मला फक्त एवढं दाखवा, खोल्यांकडे जायचं कुठून?"

"सोपं आहे," मी म्हणालो आणि मोबाइल काढला.

पहिल्या पानावरून क्लिक केलं. नानाकाका, फेट्यात. मागे आलो, दुसरीकडे क्लिक केलं. म्हैस. मग विहीर, हे पान सापडत नाही. दुपार. चिकू. वारा. पुन्हा दुपार. नीलिमा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. देशमुखबाई आता हसत नव्हत्या.

"नेटवर शोधणारं यंत्र वाटा धरत घरभर फिरतं," त्या समजावत म्हणाल्या. "ज्या खोलीकडे सगळे बोट दाखवतात, ती खोली महत्त्वाची, असं ते धरून चालतं. तुमच्याकडे सगळी बोटं नानाकाकांकडे आणि आत्यांकडे. वाटेवर पाटी काय, तर 'इथे क्लिक करा'. पुढे काय आहे ते त्याला कसं कळणार? आणि खोल्यांकडे एकही वाट नाही. त्याच्या लेखी त्या खोल्या बांधल्याच गेलेल्या नाहीत."

"ते घरचं पान होतं," मी पुटपुटलो. "म्हटलं, घरचे शेवटच्या पंगतीला."

नीलिमाने मोबाइल माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "म्हणजे होळीपासून मी फुलं बदलत होते, ती कोणासाठी?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं आणि पडद्यावरच्या 'दुपार' कडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिने मी तिच्या खिडकीतल्या फुलावर लेख लिहीत होतो, आणि त्या फुलापर्यंत यायला जगाला मी वाटच ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी देशमुख पतिपत्नी परत न जाता आशागडला आले आणि पहिल्या खोलीत राहिले. सकाळी दोघं वेताच्या खुर्च्यांवर बसले. वाडीत कोवळं धुकं होतं, पानांवरून दव टपटपत होतं. त्यांनी चहा घेतला आणि अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत. नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात, हातात किटली घेऊन, तो अर्धा तास तशीच उभी होती. तिला इतकं आनंदात मी लग्नातही पाहिलं नव्हतं. (लग्नात अर्थात समोर मी होतो!)

मग देशमुखबाईंनी तिला शेजारी बसवून साइट नीट करून दिली. प्रत्येक पानावरून खोल्यांकडे एक वाट, आणि तिच्यावर स्पष्ट शब्द, 'आशागडच्या वाडीतल्या दोन खोल्या'. तुटलेल्या वाटा जोडल्या. पत्रिकेसारख्या लिंका काढून टाकल्या. मानपानाचा प्रश्न उभा राहणार म्हणून मी लपायची जागा हेरून ठेवली होती, पण नानाकाका नुसतेच म्हणाले, "काढ माझी वाट. सूनबाईची राहू दे. माझा आता फोनला उत्तरं देऊन घसा बसलाय." आत्या मात्र रुसली. तिला 'पाहुण्यांच्या जेवणासोबत लोणचं' अशी एक वाट देऊन समजूत काढली.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या. त्यानंतरच्या शनिवार-रविवारीही भरल्या. खोकी अजून पडवीत आहेत. पाहुणे फार झाले, की खोक्यांच्या शेजारी माझी बाज असते.

परवा दुपारी मी बाजेवर पडल्या पडल्या साइट उघडली. 'वारा' कुठे दिसेना. 'दुपार' नाही, 'चिकू' नाही. खोल्या, जेवण, लोणचं, कलमं, इतकंच काय, म्हैससुद्धा जागेवर होती! मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

"नीलिमा, माझे लेख कुठे गेले?"

"आहेत की," ती चकल्या पाडता पाडता म्हणाली. "पुसले नाहीत. फक्त तिकडे जायच्या वाटा काढल्यात. पाहुणे भरकटतात."

"अगं, मग ते वाचणार कोण? एक तरी वाट ठेव!"

"ठेवू ना," तिने मान वर न करताच सांगितलं. "घरचेच आहात. सगळ्यांचं झालं की शेवटी बघू."