पुढे गाडी, मागे घर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मी मिठासारखं अंदाजाने टाकते. मिठाचा अंदाज सहसा चुकत नाही, वेलांटीचा चुकतो. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणी वाचलंच, तर माझ्या माघारी हसावं.

आम्ही योकोहामाला राहतो. नवरा इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहे. मी डब्यांच्या कारखान्यात सकाळची पाळी करते. पट्ट्यावरून भाताचे डबे येतात, प्रत्येकावर मधोमध एक लाल आंबट फळ ठेवायचं, एवढंच काम. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते आवडतं. मुलगी इथेच वाढली. लग्न झालंय, टोकियोत कोतोला राहते, ऑफिसात चांगल्या जागेवर आहे. आम्हाला काही सांगायचं असतं तेव्हा ती मराठीत बोलते आणि भांडायचं असतं तेव्हा जपानीत.

एकदा तिने आम्हाला डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, एका जुन्या पद्धतीच्या हॉटेलात पाठवलं. तिथे सगळ्या बायकांनी एकाच कुंडात, अंगावर चिंधी न ठेवता आंघोळ करायची असते. मी गाऊन घालून गेले. बायका इतक्या सभ्य की कुणी हसलं नाही. फक्त एक म्हातारी, जन्माला आली तशी, माझ्यासमोर कमरेत वाकून अदबीने काहीतरी समजावायला लागली. तिच्याकडे कुठे बघावं तेच मला कळेना. छताकडे बघत मान हलवली आणि कोरडीच खोलीत परत आले. जेवणात डाळ समजून घेतलेलं सूपही माशाचं निघालं. परतीच्या गाडीत नवऱ्याला म्हटलं, "अहो, यापुढे डोंगर बघायचा तर स्वतःच्या घरातून. चाकांवरचं घर बघा."

तो म्हणाला, "बघतो." नवरा 'बघतो' म्हणाला की काय होतं ते लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको. शेवटी मीच मुलीला फोन केला.

ती आम्हाला दुकानात घेऊन गेली. तिथे बसएवढ्या गाड्या होत्या, आत टीव्ही, संडास, कपाटं. नवरा एकीत शिरला तो बाहेरच येईना. पण मी घरून सुतळी आणली होती. आमच्या इमारतीखाली गाडी ठेवायची जागा बुटकी आहे, वरून पाइप जातो. त्या पाइपापासून जमिनीपर्यंत सुतळी धरून मी गाठ मारली होती. दुसरी गाठ नवऱ्याच्या लांबीची. तो झोपलेला असताना घेतली, उभा असला की तो छाती काढतो. विक्रेत्याने खिशातली मेजपट्टी तशीच ठेवली, माझी सुतळी दोन्ही हातांनी घेतली आणि गाडीगाडीला लावत हिंडला. बसएवढ्या सगळ्या बाद झाल्या.

उरला एक छोटा. इथे भाजीवाले, शेतकरी वापरतात तसा चिमुकला ट्रक, आणि त्याच्या पाठीवर पत्र्याची हलकी खोली. खालची कडी काढून छत वर ढकललं की चारी बाजूंना कापडाच्या भिंती ताठ होतात आणि आत उभं राहता येतं. झोपताना मात्र नवऱ्याची गाठ बरोबर भिंतीला टेकत होती. मला तो बघताक्षणी आवडला. घर म्हणून नव्हे, त्यात पाहुणे मावणार नाहीत म्हणून.

मग विक्रेत्याने घसा साफ केला. ट्रक हलका, त्याच्यावर किती वजन चालतं त्याला मर्यादा. सामान काय नेणार? मी सांगितलं: तवा, पोळपाट, कुकर, पीठ, लोणच्याची बरणी. त्याने लिहून घेतलं. नंतर मान खाली घालून तो मुलीला काहीतरी पुटपुटला.

"बाबा, तो तुमचं वजन विचारतोय."

"सांग, पासष्ट."

"बाबा!"

"बरं, सत्तर. कपड्यांसकट."

"बरणीऐवजी यांनाच घरी ठेवता येईल का विचार," मी म्हणाले. तिने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विक्रेत्याने तेही लिहून घेतलं असतं.

पैसे पुरत नव्हते. आमचे होते त्यापेक्षा जास्त मुलीने घातले. कर्ज म्हणूनच घेईन असं मी ठणकावलं, ती म्हणाली, "आई, दाइजोबु, सावकाश दे." म्हणजे काही हरकत नाही. तिची नव्हती. हरकत निघाली तिच्या बापाची.

गाडी घरी आली तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. करवंटी कोणत्या वाराच्या कचऱ्यात टाकायची यावर इमारतीच्या देखरेखीच्या माणसाने बराच विचार केला. पण नवऱ्याने हळदकुंकू लावलं ते फक्त पुढे. मागच्या दाराला बोटसुद्धा नाही.

"अहो, मागे?"

"पुढे गाडी आहे. गाडी मुलीच्या पैशाने घेतली तर चालते. मागे घर आहे. मुलीच्या पैशाच्या छताखाली मी झोपणार नाही. आमच्याकडे ती रीत नाही."

"तिने दिलेला मोबाइल चालतो तो?"

"मोबाइलमध्ये कोण झोपतं?"

हाच माणूस हॉटेलमालकाच्या खोलीत वर्षानुवर्षं फुकट झोपला, तेव्हा कुठली रीत आडवी आली नाही.

तर मग आमच्या सहली अशा. सोमवारी त्याची सुट्टी, मी पाळी बदलून घ्यायची. तळ्याकाठी गाडी लावायची, छत वर ढकलायचं, मी आत पोळ्या करायच्या. तो दाराबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून जेवणार आणि झोपायला पुढे ड्रायव्हरच्या सीटवर जाणार. त्या ट्रकची सीट मागे कलत नाही. गुडघे स्टिअरिंगला, डोकं काचेला. मागे मी हातपाय पसरून एकटी. इतकी वर्षं एका खोलीत काढल्यावर असं सुख मिळतंय, याची मला लाज वाटायला हवी होती. एक-दोन सहली वाटली नाही.

थंडीत मात्र एकदा सकाळी काच पुसून पाहिलं, तर तो कोट, टोपी आणि माझी शाल पांघरून मान वाकडी करून बसला होता, वाकलेल्या खिळ्यासारखा. मान आठवडाभर सरळ झाली नाही. हॉटेलात गिऱ्हाइकांना वाटायचं, आचारी संशयाने बघतोय.

मी म्हटलं, "या आत. मुलीला कळणार नाही."

"मला कळेल," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की माझं हसू आलेलं परत गेलं. बाहेर थंडी होती आणि माणूस माझाच होता. त्या दिवसापासून पैसे लवकर फेडणं हीच माझी सहल झाली. मी संध्याकाळी घरून पुरणपोळ्या करून आपल्या लोकांना विकायला लागले. ऑर्डर घ्यायला बोलावं लागतं; बोलले. त्याने रोजचा बिअरचा डबा बंद केला, तत्त्वासाठी की मानेसाठी ते विचारलं नाही.

काल शेवटच्या हप्त्याचं पाकीट घेऊन आम्ही ट्रकनेच कोतोला गेलो. तिच्या इमारतीशेजारी तासावर पैसे घेणाऱ्या जागेत गाडी लावली. मुलगी खाली आली, मी पाकीट दिलं.

"आई, मोजायचं काय त्यात?"

"मोज."

ती ट्रकच्या मागच्या पायरीवर बसून मोजायला लागली. तेवढ्यात नवऱ्याने खिशातून कागदाची पुडी काढली, मागच्या दाराला हळदकुंकू लावलं, छत वर ढकललं, बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि गार डांबरावर मोज्यांवर उभा राहिला. मुलीला ऑफिसचा फोन आला. ती बोलली, आकडा विसरली, पहिल्यापासून मोजायला लागली.

"अगं, लवकर," तो म्हणाला, "पाय गोठले."

तिने शेवटची नोट ठेवली, पाकीट मिटलं आणि पायरीवरून बाजूला सरकली.

"पूर्ण आहेत, बाबा. जा, झोपा."